भिंतीवरील वीणा आणि बाघकाठची दंडार

प्राचीन ईजिप्तच्या दैनंदिन जीवनावरील कोणतेही पुस्तक उघडावे, तर त्यात संगीत व करमणूक यांवर एक सचित्र प्रकरण हमखास सापडते. थीब्ज येथील नख्त याच्या थडग्यातील तीन वादक स्त्रिया, त्याच थडग्यातील आंधळा वीणावादक, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेले नेबामुनच्या मेजवानीचे चित्र, सेनेत नावाचा सोंगट्यांचा खेळ, हे सारे शिक्षकवर्गास परिचित आहे. चित्रे रमणीय आहेत, यात संशय नाही. परंतु त्यांवरून जो निष्कर्ष काढला जातो, तो आम्हांस तपासून घ्यावासा वाटतो. ही थडगी अधिकाऱ्यांची आहेत. त्यांत शेतकरी दिसतो तो बहुधा नांगरताना, मळणी करताना, गुरे हाकताना. प्राचीन राजवटीतील थडग्यांत गुराख्यांच्या गाण्याचे बोल कोरलेले आहेत खरे, पण ते कामाचे गाणे आहे. काम संपल्यावर तो गुराखी काय गात असे, हे भिंत सांगत नाही. शिवाय ईजिप्तच्या लोकांनी स्वरलिपी मागे ठेवली नाही. वाद्य दिसते, वादकाची बोटे दिसतात, सूर मात्र गेला तो गेलाच.

हे प्रकरण आम्हांस आठवले ते बालाघाट जिल्ह्यातील राजेगावच्या निमित्ताने. गोंदियाहून बालाघाटकडे जाताना बाघ नदी ओलांडली की हे गाव लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि नदी ही सीमा झाली. धानाची बांधी दोन्ही तीरांना तीच, मराठी, पोवारी व हिंदी यांची सरमिसळही तीच. दिवाळी आटोपली, धान कापणीला आले, की या टापूत मंडईचे दिवस सुरू होतात. गोवारी नाचतात, बाजार भरतो, आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत उभी राहते.

दंडारीचे वर्णन आमच्या वाङ्मयेतिहासांत आले, तर ते 'लोककला' या सदराखाली दोन ओळींत उरकले जाते. हा अन्याय उपेक्षेचा नाही, तो चुकीच्या कसोटीचा आहे. समीक्षक संहिता मागतो. दंडारीची संहिता अशी थोडीच असते. कथा ठाऊक असलेली, पदे तोंडपाठ, संवाद त्या रात्रीचे. स्त्रीवेष घेतलेला नाच्या ढोलकीच्या कोणत्या थापेवर वळेल, सोंगाड्या समोर बसलेल्या पाटलाला कोठे चिमटा काढील, हे आधी कोणीच सांगू शकत नाही. तेव्हा पदे उतरवून छापली, म्हणजे दंडार जतन झाली असे मानणे म्हणजे नख्तच्या भिंतीवरील वीणा ऐकू येते असे म्हणण्यासारखेच होय. तेथे सूर हरवला आणि चित्र राहिले. येथे सूर अद्याप गळ्यात आहे, आणि आम्ही मात्र चित्र काढण्याच्या घाईत आहोत!

यावर कोणी म्हणेल, की हा केवळ रिकाम्या वेळाचा खेळ, त्याला कलेची प्रतिष्ठा कशाला? हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटतो. तूरिनच्या एका प्रसिद्ध पपायरसवर गाढव वीणा वाजवीत आहे, सिंहाच्या हाती लायरच्या जातीचे तंतुवाद्य आहे, मगरही वाद्यवृंदात सामील आहे. मेजवानीतल्या गंभीर वादकांची ही थट्टा आहे, असे मानावयास पुष्कळ जागा आहे. ज्याने ती रेखाटली तो आमच्या सोंगाड्याचा सख्खा भाऊ शोभेल. विरंगुळ्यातच समाज आपल्या थोरांविषयीचे खरे मत बोलून दाखवितो. ते मत ज्या कलेत उमटते तिला हलकी म्हणावयाचे, तर जड कला कोणती, हे आधी ठरवावे लागेल.

दंडारीतून पुढे आलेल्या झाडीपट्टी नाटकाविषयी आमचे मत इतके निर्भेळ नाही. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचे आजचे केंद्र. तेथील मंडळ्या दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगाव प्रयोग करतात. शंकरपटाला पाहुणे यावेत आणि रात्री त्यांच्यासाठी नाटक व्हावे, अशी ही जुनी सांगड. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना पुन्हा वाट मिळाली. मधल्या काळात नाटक पटावाचूनही उभे राहिले, ही त्याच्या जोमाची साक्ष होय. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या वाचकांपैकी अनेकांनी झाडीपट्टी हा शब्द प्रथमच ऐकला असावा. तथापि या नाटकांत आक्रोश फार, ध्वनिक्षेपकावर विसंबणे फार, आणि दोन प्रवेशांच्या मध्ये घुसडलेल्या चित्रपटगीतांवरील नाचांनी रसाचा विचका होतो, हे आम्ही स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. आपल्या माणसांची कला म्हणून तिचे दोष पोटात घालणे, ही तिची कीव करण्याची दुसरी रीत आहे. रात्रभर थंडीत बसणारा प्रेक्षक मात्र कीव करीत नाही. नट पद चुकला तर तो तेथल्या तेथे हसतो.

मंडळ्या वडशाच्या आणि परिषदा महाराष्ट्राच्या असल्यामुळे, बाघेच्या उत्तर तीरावरील दंडार कोणाच्याच नोंदीत बसत नाही. मध्य प्रदेशाच्या लेखी ती मराठी. महाराष्ट्राच्या लेखी ती परप्रांतातली. आमच्या शिक्षक-सभासदांपैकी जे गोंदिया-बालाघाट भागात आहेत, त्यांनी पुढील मंडईच्या रात्री वही घरी ठेवून तेथे बसावे. ढोलकी कोणत्या पदाला थांबते, सोंगाड्या भाषा केव्हा बदलतो, मराठीतून पोवारीत आणि पोवारीतून हिंदीत कशासाठी जातो, हे कानाने धरावे. पदे उतरविण्याचे काम दुसऱ्या दिवशीही होऊ शकते.