भिंतीवरची अक्षरे, भिंतीवरची चित्रे

आमच्या ठाणे-कल्याण परिसरातील भिंती गेल्या काही वर्षांत रंगू लागल्या आहेत, हे आता कोणास मुद्दाम सांगावे लागत नाही. पूर्व द्रुतगती मार्गाने ठाण्यात शिरावे तर उड्डाणपुलांचे खांब रंगलेले. कल्याण-डोंबिवलीत पाहावे तर शाळांच्या, मैदानांच्या आणि रेल्वेलगतच्या कुंपणभिंती रंगलेल्या. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, पुढे स्वच्छतेवरून शहरांचे क्रमांक लागू लागले, आणि भिंतींना रंग देणे हा त्या स्पर्धेचा एक भागच होऊन बसला. २०१६च्या ऑक्टोबरात 'हमारा स्टेशन हमारी शान' या मोहिमेत स्वयंसेवकांनी मुंबईची कित्येक उपनगरी स्थानके रंगविली. २०२२च्या अखेरीस ठाणे महानगरपालिकेने 'मुख्यमंत्री बदलते ठाणे' हे अभियान हाती घेतले. आमच्या धर्मग्रामातील युवक-युवती या भिंतींची छायाचित्रे मोबाईलमध्ये टिपतात आणि रविवारच्या मिस्सानंतर आम्हांस दाखवितात. 'फादर, हे चांगले आहे का?' असा त्यांचा साधा प्रश्न असतो. त्यास तितकेच साधे उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. परवानगीने, मजुरी घेऊन, ठरलेल्या विषयावर काढलेले ते भित्तिचित्र. आणि कोणास न विचारता, बहुधा रात्री, स्वतःचे नाव वा म्हणणे भिंतीवर उमटविणे ती ग्राफिटी. दुसऱ्या प्रकाराकडे आपला कायदा गुन्हा म्हणूनच पाहतो. मालमत्तेच्या विरूपणास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९९५ सालचा आहे. दुसऱ्याच्या भिंतीवर न विचारता रंग फासणे आम्हांसही मान्य नाही. पण रसिकाने एवढ्यावर थांबू नये. परवानगी आहे म्हणून चित्र चांगले ठरत नाही, आणि परवानगी नाही म्हणून ते वाईटही ठरत नाही.

आमच्या शहरांतील बहुतेक चित्रे परवानगीची आहेत आणि त्यांचे विषय पाहणाऱ्यास एव्हाना पाठ झाले आहेत: झाडे लावा, पाणी वाचवा, ओला कचरा-सुका कचरा, वाफेचे इंजिन, खाडीतील फ्लेमिंगो, आणि वारली. यांतील इंजिनाविषयी आमची तक्रार नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली, तेव्हा त्या इंजिनाचा ठाण्याच्या भिंतीवर हक्कच आहे. फ्लेमिंगोही आमच्या खाडीचेच पाहुणे. वारलीविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे.

वारली चित्र ही जुन्या ठाणे जिल्ह्याची जगाला दिलेली देणगी. डहाणू, तलासरी, जव्हार हा मुलूख २०१४मध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत ठाण्यातच मोडत होता. हे चित्र मुळात भिंतीचेच. कुडाच्या भिंतीला शेणमाती नि गेरूचा हात द्यायचा, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग करायचा, बांबूच्या काडीचे टोक ठेचून कुंचला करायचा, आणि लग्नघरी सुवासिनींनी चौक लिहायचा. चौकात पालघाट देवी असते. तो चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नसे. वाचकांनी 'लिहायचा' या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. लग्न झाले की चित्राचे काम झाले. पुढे धुराने आणि पावसाने ते पुसट होत जाई. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हा विधी कागदावर आणि कापडावर आणला, बायकांच्या हातची ही कला पुरुषाने नित्याची साधना म्हणून हाती घेतली आणि जगभर नेली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते निवर्तले. त्यांच्या चित्रांतील मासेमारीचे जाळे किंवा वारूळ पाहावे. रेघ न् रेघ हलत असते, सारा पट श्वास घेत असतो.

आता आमच्या पुलाखालची वारली पाहा. तारप्याभोवतीचे नाचाचे वर्तुळ, दोन त्रिकोणांचा माणूस, एक माड, एक झोपडी. पुढच्या खांबावर तेच, त्यापुढच्या खांबावरही तेच. बहुधा साच्यातून छापलेले. आकृत्या सगळ्या एका मापाच्या, हात सगळे एकाच कोनात वाकलेले. तारपा वाजविणाऱ्याकडे पाठ न करता त्याच्याभोवती फेर धरावा ही त्या नाचातली रीत. येथे वादकच कडेला ढकललेला आढळतो. रंग तैलरंगाचा, गेरूची जागा विटकरी डिस्टेंपरने घेतलेली. चित्र काढणारा वारली असलाच पाहिजे असा आमचा हट्ट नाही. कला ही कोणा एका जातीची मिरास नव्हे. पण ज्या चौकावाचून लग्न अडत असे, तो पाहून आता कोणाचेच काही अडत नाही. निविदेतील चौरस फूट भरून काढण्यास तो सोयीचा पडतो, एवढेच त्याचे कार्य उरले आहे. शेजारच्या जिल्ह्यातील पाड्यांवर हात अजून लिहिते आहेत. त्यांना बोलावून, त्यांच्या नावानिशी एक भिंत द्यावी असे कोणास सुचत कसे नाही?

नावाचा मुद्दा आम्ही हेतुपूर्वक काढला. या चित्रांखाली संस्थेचे बोधचिन्ह असते, सौजन्य म्हणून आजी-माजी लोकप्रतिनिधीचे नाव असते, चित्रकाराचे नसते. पूर्वीचा दुकानाच्या पाट्या रंगविणारा पेंटर कोपऱ्यात बारीक अक्षरांत का होईना आपले नाव सोडून जाई. त्या पेंटर लोकांनी आमच्या गावांना किती सुरेख देवनागरी अक्षरे दिली! फ्लेक्स आला आणि ते हात रिकामे झाले. त्यांतील काही हात आज या भिंतींवर राबत आहेत, पण अनामिकपणे.

दुसरा एक प्रकार कलेत मोडत नाही, तरी धर्मगुरू म्हणून आमची नजर त्यावर पडल्यावाचून राहत नाही. इमारतींच्या जिन्यांत आणि गल्लीच्या कोपऱ्यांत देवादिकांच्या फरशा बसविलेल्या असतात. गणपती, साईबाबा, मक्का आणि शेजारी येशूचे पवित्र हृदय, अशी सर्वधर्मसमभावाची रांग गुडघ्याच्या उंचीवर मांडलेली असते. पान खाणाऱ्याने थुंकू नये म्हणून हा बंदोबस्त. चित्राकडे कोणी पाहावे अशी येथे अपेक्षाच नाही. चित्राने पाहणाऱ्याला भिववावे अशी आहे. प्रभूला पहारेकरी नेमणाऱ्यांत आमचेही लोक आहेत, हे नमूद करणे भाग आहे. शिवाय फरशीच्या वरच्या बाजूस थुंकलेले असते ते निराळेच.

आता त्या न विचारता लिहिलेल्या अक्षरांकडे वळू. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर १८५७ साली एका प्राचीन इमारतीच्या गिलाव्यावर कोरलेली एक रेखाकृती सापडली. क्रूसावर खिळलेला, गाढवाचे डोके असलेला एक मनुष्य. शेजारी हात उंचावून उभा असलेला एक तरुण. आणि खाली ओबडधोबड ग्रीक अक्षरांत, अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतो, अशा अर्थाचा मजकूर. कोण्या टवाळाने आपल्या ख्रिस्ती सोबत्याची केलेली ती कुचेष्टा होती. इ. स. २००च्या आसपासची ही रेघोटी आज क्रूसावरील ख्रिस्ताच्या उपलब्ध चित्रांपैकी सर्वांत प्राचीन चित्रांत गणली जाते. लगतच्या खोलीत निराळ्या हाताने लिहिलेले दोनच लॅटिन शब्द मिळाले: अलेक्सामेनोस श्रद्धावंत आहे. कोणा नगरपालिकेने वेळीच चुना फिरविला असता तर ती टवाळीही गेली असती आणि ते उत्तरही. रोमच्याच संत सेबास्तियानच्या भुयारात संत पेत्र व संत पौल यांचा धावा करणारे शेकडो भित्तिलेख तिसऱ्या शतकातील यात्रेकरूंनी खरडून ठेवले आहेत. ज्यांस आपण आज पुरावे म्हणतो, ती त्या काळची ग्राफिटीच होती. म्हणून पुलाखाली एखाद्या पोराने वेड्यावाकड्या अक्षरांत काही लिहिलेले दिसले, तर नाक मुरडण्यापूर्वी ते वाचावे असे आम्ही युवकांना सांगतो. बहुतेक वेळा प्रेमी जीवांची आद्याक्षरे मिळतात. क्वचित शिवी मिळते. क्वचित नोकरी गेलेल्याचा एक शब्द.

या कलेचा स्थायीभाव नश्वरता हा आहे, आणि येथेच छायाचित्राचे काम सुरू होते. डोंबिवलीत गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेसाठी रस्ते रांगोळ्यांनी भरतात. यात्रा पुढे सरकते तशी रांगोळी पायांखाली जाते, आणि त्याचे कोणास वाईट वाटत नाही, कारण पुढच्या वर्षी ती पुन्हा घातली जाणार असते. भिंतीवरील चित्राला असे पुनरागमन नसते. कीथ हेरिंग या अमेरिकी चित्रकाराने १९८०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत, रिकाम्या जाहिरात-फलकांच्या काळ्या कागदावर खडूने शेकडो चित्रे काढली. नवी जाहिरात चिकटली की चित्र गडप! पोलिसांनीही त्यास अनेकदा पकडले. त्याचा मित्र त्सेंग क्वाँग ची कॅमेरा घेऊन त्याच्या मागे फिरला, म्हणून ती चित्रे आज आपणांस ठाऊक आहेत. मार्था कूपर व हेन्री चाल्फंट यांनी तेथील रंगविलेल्या आगगाड्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९८४मध्ये प्रसिद्ध केले. त्या गाड्या केव्हाच धुतल्या गेल्या, पुस्तक राहिले. व्हॅटिकनलगतच्या एका गल्लीत २०१४च्या जानेवारीत मौपाल या चित्रकाराने दिवंगत पोप फ्रान्सिस यांना उड्डाण करणाऱ्या महावीराच्या रूपात, हातात काळी पिशवी देऊन रंगविले. रोमच्या सफाई कामगारांनी काही दिवसांतच ते पुसले. तोवर त्याचे छायाचित्र व्हॅटिकनच्याच माध्यम विभागाने जगाला दाखविले होते.

परंतु छायाचित्र घेणे आणि चित्र घेणे यांत अंतर आहे, आणि ते पाळण्यात आपली ख्रिस्तसभाही कमी पडलेली आहे. अलेसिया बाब्रो या रोममधील पथचित्रकर्तीने २०१९मध्ये व्हॅटिकनजवळच्या पुलावर ख्रिस्ताचे एक चित्र लावले. तेथून जाणाऱ्या व्हॅटिकनच्या एका अधिकाऱ्यास ते आवडले, त्याने छायाचित्र टिपले, आणि २०२०च्या पुनरुत्थान सणाच्या टपाल तिकिटावर ते छापले गेले. चित्रकर्तीस कोणी विचारले नाही. २०२१मध्ये तिने दावा लावला. रस्त्यावरचे चित्र म्हणजे वाऱ्यावरचे चित्र, ही समजूत इतक्या वरच्या पायरीवर असेल, तर आमच्या पोरांना काय बोल लावावा? आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र छापण्याची मुभा आहे. भिंतीवरील चित्राबाबत तशी स्पष्ट मुभा नाही. मुंबईतील एक भित्तिचित्र जाहिरातीत वापरल्यावरून एका विमा कंपनीविरुद्धचा वाद २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

छायाचित्रांविषयीही एक तक्रार नोंदवितो. युवकांनी आम्हांस दाखविलेल्या दहा छायाचित्रांत आठांत स्वतःच उभे असतात आणि भिंत पडद्यासारखी मागे असते. चित्रकारांनीही हे ओळखले आहे. भिंतीवर देवदूताचे दोन पंख काढायचे, मध्ये माणसापुरती जागा मोकळी सोडायची. जो तो तेथे उभा राहून घटकाभर देवदूत होतो. गंमत म्हणून ठीक. पण ज्या चित्राला पाहणाऱ्याचीच पाठ लागते, त्याची समीक्षा काय करावी! छायाचित्रात भिंतीचा पापुद्रा यावा, पायथ्याची भाजीची टोपली यावी, बाजूचा नळ यावा. चित्र कोणत्या वस्तीचे आहे ते त्याने कळते. कोवळ्या उन्हात, समोरासमोर उभे राहून घेतलेले, मागे तारीख, जागा आणि शोध करून मिळविलेले चित्रकाराचे नाव लिहिलेले एकच छायाचित्र आम्हांस पन्नासांहून प्रिय वाटेल.

ज्यांना चांगला नमुना पाहायचा असेल त्यांनी वांद्र्याच्या चॅपल रोडवर आणि रनवार गावठाणात एक फेरी मारावी. कौलारू घरे, वाटेवरचे क्रूस, आणि मधल्या भिंतींवर चित्रे. मूळचा सोनीपतकडचा, एकेकाळी भिंतींना सफेदी करणारा रणजित दहिया याने २०१२मध्ये तेथे 'अनारकली' चित्रपटाचे भव्य पोस्टर रंगविले. पुढे २०१४मध्ये सहकाऱ्यांसह वांद्र्याच्याच दूरध्वनी इमारतीवर दादासाहेब फाळके उभे केले. चॅपल रोडवर परवानगी घरमालकाची असते, आणि तो संध्याकाळी दारात बसून त्या चित्राबद्दल चार शब्द बोलू शकतो. आमच्या पुलाखाली असे बोलणारे कोणी नाही. फेरी लवकर मारावी हे बरे, कारण तेथील जुनी घरे एकेक करून पडत आहेत.

शेवटी आमच्या अंगणातील गोष्ट. आमच्या प्रार्थनामंदिराच्या मागच्या कुंपणभिंतीवर चित्र काढू द्यावे, अशी युवकांची मागणी आहे, आणि काही ज्येष्ठांना ते पावित्र्याला धक्का देणारे वाटते. त्यांच्यासाठी सांगतो: तोच कीथ हेरिंग १९८९मध्ये इटलीतील पिसा येथे आला आणि संत अंतोनी मठाधिपती यांच्या नावच्या चर्चला लागून असलेल्या मठाच्या भिंतीवर त्याने तीस रंगीत मनुष्याकृती रंगविल्या. पुढल्याच फेब्रुवारीत, एकतिसाव्या वर्षी, एड्सने त्याचे निधन झाले. ज्या आजाऱ्यांना त्या काळी पुष्कळ दारे बंद होती, त्यांच्यातील एकाला त्या मठाने आपली भिंत दिली होती, आणि ते चित्र आजही तेथे आहे.

आमच्या भिंतीची डागडुजी पावसाळ्यानंतर व्हायची आहे. तोवर युवकांनी कच्ची चित्रे कागदावर करून आणावीत. ती पॅरिश कौन्सिलपुढे ठेवण्याचे आम्ही मान्य केले आहे. चित्राखाली काढणाऱ्याचे नाव आणि साल असेल, सौजन्य कोणाचेही नसेल. देवदूताचे पंख मात्र आणू नयेत.