बालचित्रवाणीच्या फिती आणि आमची साक्ष

माझ्या वयाची शिकलेली माणसे एकत्र आली की हल्ली एक मागणी हटकून निघते. लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेले मुलांचे कार्यक्रम पुन्हा मिळाले पाहिजेत. विशेषतः ‘बालचित्रवाणी’चे कार्यक्रम. त्यांचे संच निघावेत, ते विकत घेऊन घरी ठेवावेत, पोराबाळांना दाखवावेत. आमच्या महाविद्यालयात कुणी शीर्षकधून गुणगुणू लागतो, बाकीचे साथ देतात आणि ‘ते दिवस’ सुरू होतात. मी बराच काळ या गोष्टींत गप्प बसत आलो. हे पांढरपेशांचे स्मरणरंजन आहे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे मला वाटे. आता ते मत मी बदलले आहे. या मागणीत आपण सामील झाले पाहिजे, परंतु आपल्या कारणासाठी. ते कारण येथे मांडतो.

प्रथम वस्तुस्थिती. राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था म्हणजेच बालचित्रवाणी ही १९८४ साली पुण्यात स्थापन झाली. तिच्यामागचा विचार त्याआधीचा आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. मात्र आमच्या गोंदियाला लागून असलेल्या छत्तीसगडातील गावे होती. सकाळचा वेळ शाळकरी मुलांसाठी राखलेला असे. पुढे इन्सॅट उपग्रहाच्या काळात महाराष्ट्रासह सहा राज्यांत मुलांसाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. बालचित्रवाणी त्यांपैकी एक. २०१७ साली ती बंद करण्यात आली. तोवर तिने हजारो कार्यक्रम तयार केले होते. ज्या खेड्यात शिक्षक कमी आणि साधने त्याहून कमी, तेथील मुलापर्यंत ज्ञान न्यावे, हा या सगळ्या खटाटोपाचा घोषित हेतू होता. म्हणजे ज्याच्या नावाने हा खर्च झाला तो मूल मी होतो. आज संच मागणारे बहुतेक जण घरात स्वतःचा टीव्ही असलेले होते, हेही येथे नोंदवून ठेवतो.

आमच्या शाळेत टीव्ही आला होता. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटात असे. पंधरा ऑगस्टला त्यावरची धूळ पुसली जाई. आम्ही टीव्ही पाहिला तो गावातल्या जुन्या मालगुजाराच्या ओसरीबाहेर, अंगणात उभे राहून. ओसरीवर बसायला कोणी मनाई केली नव्हती. आमच्या टोलीतले कोणी बसत नसे, एवढेच. माय घरी विड्या वळत असे आणि मी सकाळी तासभर त्या अंगणात असे. वीज असली तर.

त्या सकाळच्या शालेय कार्यक्रमांपैकी एक मला लख्ख आठवतो. तो बालचित्रवाणीचा होता की दुसऱ्या कुणाचा, हे आज ठरवायला साधन नाही. विषय ग्रहणाचा होता. एक ताई हातात दिवा आणि दोन चेंडू घेऊन सावली कशी पडते ते दाखवत होती. राहू-केतू खोटे, सावली खरी. मी धावत घरी आलो आणि आजीला ते समजावून सांगितले. आजीने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘आमचे म्हातारे गिराण लागलं का गावात दान मांगत हिंडत. छप्पनच्या दीक्षेनंतर सोडलं बाबू.’ चेंडू आणि दिवा यांनी जे मला १९९७ च्या सुमारास शिकवले, ते आजीच्या पिढीने चाळीस वर्षे आधी आचरणात आणले होते. आणि त्यासाठी गावाचा रोषही पत्करला होता.

माझा आक्षेप येथून सुरू होतो. त्या कार्यक्रमाने ग्रहणाचे विज्ञान सांगितले; ग्रहणात दान मागत कोणाला हिंडावे लागे, हे सांगितले नाही. अंधश्रद्धा ही अज्ञानातून येते, एवढेच त्याचे म्हणणे. ती कोणाच्या तरी फायद्यासाठी टिकवली जाते, हे त्याच्या गावी नव्हते. भाषेचेही तसेच. आमच्या झाडीबोलीत ‘ण’ नाही. पाण्याला आम्ही ‘पानी’ म्हणतो. पडद्यावर ‘पानी’ म्हणणारे पात्र आले की ते हसण्यासाठीच येई, असे माझ्या मनावर कोरले गेले आहे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वर्गात उभा राहून बोलायला बिचकतो, तेव्हा मला ते हसू ऐकू येते.

पण हे मी सिद्ध कसे करू? कदाचित त्या हजारो कार्यक्रमांत आमच्या वस्तीतला मुलगा सन्मानाने आला असेल. कदाचित एखाद्या निर्मात्याने ग्रहणाच्या दानाचाही उल्लेख केला असेल आणि वीज गेल्याने तो माझा हुकला असेल. स्मरणरंजन करणारा आठवणीच्या जोरावर गौरव करतो, मी आठवणीच्या जोरावर आरोप करतो. दोघांचीही साक्ष कच्ची आहे. कादंबरीवर टीका करताना आपण पान उघडून दाखवतो. येथे पानच उघडता येत नाही. ज्या वाङ्मयाने दोन पिढ्यांच्या बालमनावर संस्कार केले त्याची समीक्षाच होऊ शकत नाही, ही साधी गोष्ट नव्हे.

काय जपले गेले तेही पाहा. ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ या मालिका १९८७ ते १९९० दरम्यान दाखवल्या गेल्या. त्या कॅसेटवर आल्या, सीडीवर आल्या, आणि २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा दाखवल्या. बाजाराला त्यांत पैसा दिसला, सत्तेला उपयोग दिसला. दिवा आणि दोन चेंडू घेऊन ग्रहण शिकवणाऱ्या ताईला गिऱ्हाईक नव्हते. तिच्यात कितीही उणिवा असोत, ती राहू-केतूच्या विरुद्ध बाजूची होती. तिचा संच मी कोणत्याही दुकानात पाहिला नाही.

कुलूपबंद कागदांचा अनुभव आपल्या चळवळीला नवा नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे दिल्लीत पडून होती. ती बाहेर यावीत म्हणून वसंत मून यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचले. १९७९ साली शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. १९८७ च्या खंडात ‘रिडल्स’ छापले गेले तेव्हा वादळ उठले, मोर्चे निघाले. ते वादळ उठू शकले, कारण मजकूर लोकांच्या हाती आला होता. दोन्ही गोष्टींची तुलना मी करीत नाही. धडा मात्र एकच आहे: जे छापून हाती येत नाही, त्याच्याशी भांडताही येत नाही.

कागदापेक्षा फीत लवकर मरते. दमटपणाने तिला बुरशी लागते, तिच्यावरचा थर सुटतो. ती चालवणारी यंत्रे आता बनत नाहीत. घरगुती व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर बनवणारी जपानमधील शेवटची कंपनीही २०१६ साली थांबली. म्हणून ही मागणी उद्यावर टाकण्यासारखी नाही.

मात्र ती नीट शब्दांत केली पाहिजे. गुळगुळीत वेष्टनातला निवडक संच नको. निवडणारा कोण, हा प्रश्न तेथे लगेच उभा राहतो. सगळे कार्यक्रम, निर्माते, लेखक, कलावंत यांच्या नावांसह, वर्षवार सूची करून, गावच्या शाळेला आणि ग्रंथालयाला विनामूल्य मिळाले पाहिजेत. हे जनतेच्या पैशाने झालेले काम आहे. ते जनतेला पुन्हा विकत घ्यायला लावणे हा अन्याय होईल. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी निवेदनांत ही मागणी घालावी. विद्यार्थ्यांनी प्रबंधाचा विषय म्हणून ती हाती घ्यावी.

फिती मिळाल्या तर मी त्या आमच्या गावच्या शाळेत, मुलांना पुढे बसवून, दाखवणार आहे. ग्रहणाचा कार्यक्रम संपला की तो थांबवीन आणि आजीने सांगितलेले त्यांना सांगेन. त्या ताईनेच ते आधी सांगितलेले निघाले, तर माझा आरोप याच पानांवर मागे घेईन.