फेको एकटं की ट्रॅबसोबत? आधी पेपरातला रुग्ण वाचा

एकाच डोळ्यात मोतीबिंदू आणि बंद कोनाचा काचबिंदू, दोन्ही आहेत. मग दोन्ही ऑपरेशनं एकदमच उरकावीत का? या विषयावर प्रस्ताव लिहायला बसलात की दोन पेपर हमखास समोर येतात. दोन्ही हाँगकाँगच्या थाम आणि सहकाऱ्यांचे, एक २००८ चा, दुसरा २००९ चा. आज ते कसे वाचायचे ते बघू.

आधी मूळ गोष्ट. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि कॉर्निया व आयरिस यांच्यामधल्या कोनातून त्याचा निचरा होतो. वयानुसार भिंग जाड होतं, आयरिसला पुढे रेटतं आणि कोन अरुंद होतो. म्हणजे या काचबिंदूत भिंग हे दुखण्याचंच एक कारण असतं. ते काढलं की मोतीबिंदू जातो आणि कोनही मोकळा व्हायला मदत होते. म्हणून खरा प्रश्न असा : नुसतं फेको पुरेल, की सोबत ट्रॅबेक्युलेक्टॉमी करून पाण्याला नवी वाट काढून द्यायची?

२००८ च्या चाचणीत ७२ डोळे होते, सगळे औषधाने दाब आटोक्यात असलेले. २००९ च्या चाचणीत ५१ डोळे, औषध घालूनही दाब न आवरणारे. नुसतं शीर्षक वाचणाऱ्याला दोन्ही पेपर सारखेच वाटतात, पण रुग्ण वेगळे आहेत. दोन्हींत २४ महिने पाठपुरावा झाला आणि दोन्हींत एकत्रित शस्त्रक्रियेनंतर थेंब कमी लागले : पहिल्यात सरासरी ०.८०, दुसऱ्यात १.२५ औषधांनी. पण गुंतागुंतही एकत्रित गटातच जास्त झाली.

आता माझा आक्षेप. 'थेंब कमी लागले' हे वाचून आपण खूश होतो. पण २००९ चीच आकडेवारी उलट बाजूने वाचा. नुसतं फेको केलेल्या २७ डोळ्यांपैकी ४ डोळ्यांना पुढे ट्रॅबेक्युलेक्टॉमी करावी लागली. म्हणजे दाब न आवरणाऱ्या गटातही, त्या २४ महिन्यांत, उरलेल्या २३ डोळ्यांची ती शस्त्रक्रिया टळली. निष्कर्षाच्या ओळीत हे दिसत नाही, आत वाचल्यावर दिसतं. शिवाय काचबिंदू आयुष्यभराचा आणि पाठपुरावा दोन वर्षांचा. एवढ्या कमी डोळ्यांत, एवढ्या कमी काळात, नस किती वाचली याचा निकाल लागत नाही.

दुसरी चूक नेहमी दिसते : याच मुद्द्यासाठी २०१६ ची 'ईगल' चाचणी पुरावा म्हणून जोडणं. ती मोठी आहे, ४१९ रुग्णांची, 'लॅन्सेट'मध्ये आलेली. पण तिच्यातल्या रुग्णांना मोतीबिंदू नव्हताच, आणि तुलना होती लवकर भिंग काढणं विरुद्ध लेसर अशी. भिंग काढल्याने फायदा होतो, एवढ्यासाठी ती जरूर वापरा. ट्रॅब जोडावी की नाही, याचं उत्तर तिच्याकडे मागू नका.

आता हे कोल्हापुरात आणा. चंदगड किंवा गगनबावड्याचा साठीचा शेतकरी सीपीआरला येतो असं धरा. ट्रॅब केली तर पहिल्या काही आठवड्यांत वारंवार तपासणी हवी : टाके सैल करायचे, दाब बघायचा, संसर्गावर नजर ठेवायची. नुसतं फेको केलं तर थेंब बहुधा चालूच राहणार, रोज, वर्षानुवर्षं, पदरचे पैसे घालून. एका वाटेवर एसटीच्या फेऱ्या, दुसरीवर औषधाच्या बाटल्या. ऊसतोडीच्या हंगामात तो यातलं काय पाळू शकेल? हाँगकाँगच्या चाचणीत रुग्णांचा २४ महिने पाठपुरावा झाला. आपल्याकडे तसं गृहीत धरलं, तर चाचणीतली 'जास्त परिणामकारक' शस्त्रक्रिया इथे डोळा घालवूही शकते. आणि दाब हाताबाहेर असेल, नस आधीच बरीच गेली असेल, तर ट्रॅब टाळणंही तितकंच महागात पडेल.

म्हणून प्रस्ताव लिहिताना प्रत्येक पेपरासमोर तीन गोष्टी लिहाच : रुग्णाचा दाब औषधाने आटोक्यात होता का, तुलना नेमकी कशाची कशाशी होती, आणि पाठपुरावा कोणी, किती दिवस केला. त्यानंतर चौथा रकाना आखा : आपला रुग्ण यात बसतो का? तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक वेळा त्या चौथ्या रकान्यातच सापडेल.