अनुभवाचे कुंपण

आजच्या मराठी कथा-कादंबरीची प्रशंसा करताना 'हे सारे लेखकाने स्वतः भोगलेले आहे' असे आवर्जून सांगण्यात येते. अनुभवाचा हा आग्रह एके काळी उपकारकच ठरला. १९६० नंतर दलित व ग्रामीण लेखकांनी आपले जगणे आपल्या शब्दांत मांडले, तेव्हा पांढरपेशी कल्पनेचा पुष्कळसा कृत्रिम रंग उतरला. परंतु ज्या प्रामाणिकपणाने तेव्हा दारे उघडली, त्याचेच आता कुंपण झाले आहे. पाहिले तेवढेच लिहिणारा लेखक खोटे लिहीत नाही, हे खरे. पण तो मोठेही काही योजीत नाही.

हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षांत कोण घेतो?' आरंभिली, ती यमूच्या मुखाने. पुरुषाने स्त्रीचा 'मी' उच्चारण्याचे ते धाडस होते. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'ने १९३९ साली हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू तरुणीचे दुःख मराठीत आणले. अलीकडे नंदा खरे यांनी 'उद्या'मध्ये (२०१४) न आलेल्या काळाचा वेध घेतला. तेव्हा कल्पनाशक्ती आटलेली नाही. तिच्यावरील विश्वास मात्र उणावला आहे.

याचे प्रत्यंतर आम्हांस आमच्या सुरतेतच येते. मराठी ऐतिहासिक कादंबरी १६६४ च्या स्वारीबरोबर सुरतेत शिरते आणि लूट घेऊन परत फिरते. येथील गोडादऱ्यात, लिंबायतीत यंत्रमागांच्या आधाराने वसलेला खानदेशी समाज तिला सहसा दिसत नाही. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, मागावर हिंदी, असे चार भाषांत विभागलेले हे मन! १९९४ च्या प्लेगात लाखो लोकांनी हे शहर सोडले. २००६ साली तापीने ते बुडविले. एवढी सामग्री कोणत्या कादंबरीकारास अपुरी पडावी?

'तेथलाच कोणी लिहील' हे उत्तर नम्र वाटते. वस्तुतः ते जबाबदारी टाळणारे आहे. आमच्या वर्गांतील मुले उद्या लिहोत, ही आमचीही इच्छा आहे. पण परक्याच्या जीवनात अभ्यासपूर्वक, सहानुभूतीने प्रवेश करणे हा कादंबरीचा मूळ धर्म होय. तो सोडला, तर उरतील त्या केवळ रोजनिशा.