तगरपुरवराधीश्वर : एका बिरुदाची परीक्षा

ग्रीक ‘पेरिप्लस’ ग्रंथांतील तगर म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर, असा निर्णय डॉ. फ्लीट यांनीं इ. स. १९०१ मध्यें दिला. तत्पूर्वीं कोणी देवगिरी, कोणी जुन्नर, तर डॉ. रा. गो. भांडारकर यांनीं धारूर सुचविलें होतें. फ्लीट यांचा निर्णय मान्य झाला, व तो योग्यच आहे. परंतु त्याच्या आधारें पुढें जें अनुमान वारंवार काढण्यांत येतें, तें मात्र तपासून घेतलें पाहिजे.

उत्तर कोकण व कोल्हापूर येथील शिलाहार स्वतःस तगरपुराचे अधीश्वर म्हणवितात. यावरून त्यांच्या काळींही तेर ही समुद्रव्यापाराची पेठ होती, असें अनुमान करतात. हें आम्हांस मान्य नाहीं. भडोचेच्या दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, व तेथून गाड्यांनीं जाणारें कापड, ही ‘पेरिप्लस’ची साक्ष पहिल्या शतकाची आहे, शिलाहार त्यानंतर सात-आठ शतकांनीं उदयास आले. शिवाय राष्ट्रकूट मान्यखेटास राज्य करीत असतां स्वतःस लत्तलूरपुरवराधीश्वर म्हणवीत. तें लत्तलूर म्हणजे लातूर, इ. स. १९८२ पर्यंत याच जिल्ह्यांतलें. अशीं बिरुदें कुळाचें मूलस्थान सांगतात. बाजाराची स्थिति सांगत नाहींत.

मध्ययुगीन व्यापाराचा पुरावा ताम्रपटांच्या दुसऱ्या भागांत आहे. चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक शिलाहार रट्टराज याच्या खारेपाटण ताम्रपटांत (शके ९३०, इ. स. १००८) शैव आचार्यांस गांवांबरोबरच परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागें एक सुवर्ण गद्याण दिलेला आहे. शके ८४८ (इ. स. ९२६) च्या चिंचणी ताम्रपटांत राष्ट्रकूट तृतीय इंद्राच्या वतीनें संजाण प्रांत सांभाळणारा अधिकारी मधुमति, म्हणजे मुहम्मद, हा अरब आहे, त्यानें नदीवर विनामूल्य तरी व अन्नसत्रही चालविलें. दख्खनचें राज्य व परद्वीपींचा व्यापारी यांचा संबंध येथें प्रत्यक्ष दिसतो.

तेरचें महत्त्व यानें उणें होत नाहीं; तें सातवाहनकाळीं स्वतःच्या बळावर सिद्ध आहे. संग्राहकांस विनंती एवढीच कीं, ताम्रपट हातीं येतांच वंशावळ व बिरुदें तेवढीं उतरून घेऊन थांबूं नये. देणगी, सीमा व जकात यांच्या रुक्ष ओळीही अक्षरशः उतराव्या. पत्रा गहाळ झाला, तर त्या पुन्हां मिळणार नाहींत.