दोन पेंग्विन, एक कळ : खिदिरपूरच्या बाजारातील एका कूटखेळाचे अभिग्रहण

एखादी विस्मृत कृती ‘पुन्हा सापडली’ असे वाङ्मयेतिहासात म्हटले जाते, तेव्हा ती नेमकी कोणाच्या विस्मरणातून बाहेर आली हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. ज्यांच्याकडे सूची असते, त्यांच्या सूचीत ती नव्हती एवढेच ‘विस्मृत’ या शब्दातून सिद्ध होते. ‘बायनरी लँड’ या जपानी कूटखेळाच्या संदर्भात ही गोष्ट ठळकपणे दिसते. साप्पोरो येथील हडसन सॉफ्ट या संस्थेने तो १९८३ मध्ये घरगुती संगणकांसाठी काढला आणि १९८५ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी त्याची आवृत्ती सिद्ध केली. फॅमिकॉमची आवृत्ती जपानबाहेर अधिकृतपणे विकली गेली नाही. त्यामुळे अमेरिकी व युरोपीय संग्राहकांनी पुढे जुन्या यंत्रांचा इतिहास मांडायला घेतला, तेव्हा हा खेळ त्यांना दुर्लक्षित रत्न वाटला. त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. मात्र कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीलगतचे फॅन्सी मार्केट, मुंबईचे मनीष मार्केट आणि मुसाफिरखाना अशा बाजारांतून ज्या बहुखेळी कॅसेटी देशभर गेल्या, त्यांच्या वर्गातला हा खेळ होता. या कॅसेटींवर वाढलेल्या पिढीच्या लेखी तो हरवलाच नव्हता. त्याचे नाव मात्र अनेकांना ठाऊक नव्हते.

खिदिरपूरचा साहित्येतिहास हा बंदराचाच इतिहास आहे. मायकेल मधुसूदन दत्त यांचे बालपणीचे कोलकात्यातील घर येथलेच. रंगलाल आणि हेमचंद्र बंद्योपाध्याय या कवींचा संबंधही याच परिसराशी. पलीकडे मटियाबुर्जला १८५६ नंतर वाजिद अली शाहचे निर्वासित लखनौ वसले. १८९२ मध्ये गोदी सुरू झाली आणि खलाशांच्या पेट्यांतून उतरणाऱ्या मालाला येथे गिऱ्हाईक मिळू लागले. आयातनिर्बंधांच्या काळात फॅन्सी मार्केट हे विदेशी घड्याळे, कापड, अत्तरे आणि टेपरेकॉर्डर यांचे ठिकाण म्हणून कोलकात्यात सर्वतोमुखी होते. १९९१ च्या उदारीकरणानंतर या मालाची अपूर्वाई ओसरली, पण व्हिडिओ गेमची बाजारपेठ त्याच सुमारास भरात आली. भारतीय घरांत फॅमिकॉम त्या नावाने फारसा पोहोचलाच नाही. पोहोचल्या त्या त्याच्या पूर्व आशियातील प्रतिकृती, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांच्या. त्यांना साठ पिनांची कॅसेट लागे. कार्ट्रिज हा शब्द माहितीपुस्तकातला. बाजारात आणि घरात ती कॅसेटच होती.

या कॅसेटींवर ‘एकात चौसष्ट’पासून ‘एकात नऊ लक्ष नव्याण्णव हजार’पर्यंत काहीही छापलेले असे. प्रत्यक्षात मोजके खेळ निरनिराळ्या नावांनी, कधी मधल्याच टप्प्यापासून सुरू करून, यादीत पुन्हापुन्हा घातलेले असत. कोणते खेळ त्यात यावेत हे अभिरुचीने ठरत नव्हते, स्मृतिचिपेच्या क्षमतेने ठरत होते. फॅमिकॉमच्या आरंभीच्या खेळांना कॅसेटमध्ये अधिकचे मंडल लागत नसे आणि त्यांचा पसारा चाळीस किलोबाइटांच्या आत राही. असे डझनावारी खेळ एका चिपेत मावत. १९८६ नंतरचे मोठे, कथाप्रधान, जपानी मजकुराने भरलेले खेळ या मापात बसत नव्हते. परिणामी जपानमध्ये ज्यांना आरंभकाळातील फुटकळ खेळ समजले गेले, तेच खिदिरपूरच्या दुकानांत अभिजात ठरले. मराठी अभ्यासकाला यात नवल वाटू नये. बाडांमध्ये आरत्या, पदे आणि छोटी आख्याने जितक्या सहजतेने उतरवली गेली, तितके प्रचंड ग्रंथ उतरवले गेले नाहीत. कृतीचे आकारमान तिच्या कीर्तीचा निर्णय करते, ही वस्तुस्थिती अभिरुचीच्या इतिहासात पुरेशा गांभीर्याने घेतली गेलेली नाही. हान्स रॉबर्ट याउसच्या ‘अपेक्षाक्षितिजा’च्या कल्पनेतही प्रतीच्या भौतिक मापाला फारसे स्थान नाही.

तरीही, केवळ लहान होता म्हणून टिकला असे म्हणून हा खेळ निकालात काढता येत नाही. त्याच चिपेवरच्या अनेक खेळांपासून त्याचा आकृतिबंध मुळातच वेगळा आहे. पडद्याच्या मध्यभागी उभी भिंत, तिच्या दोन्ही बाजूंना चक्रव्यूह, शिरोभागी मध्यावर पिंजऱ्यातले हृदय. तळाशी भिंतीच्या अल्याड-पल्याड दोन पेंग्विन, एक नर व एक मादी. खेळाडूच्या हाती एकच नियंत्रक. त्याची डावी कळ दाबली की एक पेंग्विन डावीकडे जातो आणि दुसरा त्याच क्षणी उजवीकडे. वर-खाली मात्र दोघेही एकाच दिशेने चालतात. हृदयापर्यंत दोघांनी एकाच वेळी, आपापल्या बाजूने पोहोचावयाचे आहे. एकट्याने पोहोचून काही साधत नाही. वाटेत कोळी आहेत, जाळी आहेत. जाळ्यात एक पेंग्विन अडकला तर दुसऱ्याने येऊन फवाऱ्याने ते जाळे मोडावे लागते, आणि दोघेही अडकले तर डाव संपतो.

दोन्ही बाजूंचे चक्रव्यूह एकमेकांची प्रतिबिंबे असते, तर हे कोडे कोडेच राहिले नसते. एकाला नीट चालवले की दुसरा आपसूक पोहोचला असता. ते तसे नाहीत. आज्ञा आरशातल्यासारखी सममित आहे, भूमी विषम आहे. एक पेंग्विन भिंतीला अडून जागीच थांबतो, दुसरा एक घर पुढे जातो आणि जोडी विसंवादी होते. आता हा विसंवाद दूर कसा करायचा? मोकळ्या मैदानात तो कधीच दूर होणार नाही, कारण तेथे दोघांची पावले सारखीच पडणार. पुढे गेलेल्याला अडवणारी आणि मागे राहिलेल्याला न अडवणारी भिंत शोधावी लागते. ज्या विषमतेने अंतर पाडले, तिच्याच साहाय्याने ते भरून काढावयाचे असते. एस्पेन आर्सेथ याने १९९७ च्या ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात वाचकाच्या श्रमाविना पुढेच न सरकणाऱ्या संहितांची जी संकल्पना मांडली, तिचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. येथे कथा जवळजवळ नाही, मजकूर नाही. अर्थ सगळा हालचालीच्या व्याकरणात आहे.

भारतीय परंपरेत या व्याकरणाला एक जवळचा नातलग आहे आणि तो गोदातीरावरचा आहे. सोळाव्या शतकातील दैवज्ञ सूर्य हा पार्थपूरचा, म्हणजे परभणी जिल्ह्यातील पाथरीचा, ज्योतिषी व ‘लीलावती’चा टीकाकार. त्याच्या ‘रामकृष्णविलोमकाव्या’त श्लोकाचा पूर्वार्ध रामाविषयी असतो, तीच अक्षरे शेवटाकडून उलट वाचली की उत्तरार्ध मिळतो, आणि तो कृष्णाविषयी असतो. श्लोकाच्या मधोमध जणू आरसा उभा आहे. चित्रकाव्याला आलंकारिकांनी अधम ठरवले आणि आधुनिक मराठी समीक्षेने तो निवाडा फारशी फेरतपासणी न करता स्वीकारला. मोरोपंतांच्या निरोष्ठ रामायणाकडे आजही कौतुकमिश्रित उपहासानेच पाहिले जाते. बंधन म्हणजे कसरत आणि कसरत म्हणजे अकाव्य, हे समीकरण त्यामागे आहे. जपानी कूटखेळ शेजारी ठेवून पाहिला की हे समीकरण डळमळू लागते. गणिती कवीने स्वतःवर लादलेले बंधन आणि खेळकर्त्याने खेळाडूवर लादलेले बंधन यांत मूलभूत भेद मात्र आहे. विलोमकाव्यात कोडे कवीने आधीच सोडवलेले असते, वाचक पडताळा घेतो आणि थक्क होतो. खेळात पडताळा नाही, प्रयत्न आहे. चुकणे हा वाचनाचाच भाग आहे. शिवाय विलोमकाव्याची सममिती संपूर्ण असते आणि तीच त्याची मर्यादाही ठरते. उत्तरार्धातील संस्कृत ओढाताणीची होते, कारण भाषेची भूमी दोन्ही दिशांना सारखी नसते आणि कवीला ती तशी असल्याचे भासवावे लागते. ‘बायनरी लँड’ने ही विषमता लपवली नाही, तिलाच रचनेचे तत्त्व केले.

तुलनेच्या शास्त्राला येथे काही मिळते का? बुद्धदेव बसूंनी १९५६ मध्ये ज्या शहरात तौलनिक साहित्याचा विभाग स्थापन केला, त्याच शहराच्या गोदीवरील मालाविषयी हा प्रश्न आहे म्हणून तो अगदीच अप्रस्तुत नव्हे. मधुसूदन दत्तांनी व्हर्सायच्या वास्तव्यात बंगाली चतुर्दशपदी लिहिली आणि १८६६ मध्ये तिचा संग्रह प्रसिद्ध झाला. केशवसुतांचे सुनीत १८९२ चे. दोघांसमोर आज्ञा एकच होती : चौदा ओळी. मधुसूदनांना पयाराची चौदा अक्षरांची ओळ हाताशी होती. मराठी सुनीत बहुतांशी शार्दूलविक्रीडिताकडे झुकले आणि अक्षरगणवृत्ताची घट्ट बांधणी त्याने आपलीशी केली. यांतील एक ‘पुढे’ आणि दुसरे ‘मागे’ असा हिशेब कालानुक्रमाने सहज मांडता येतो, आणि तो बहुतेक वेळा मांडलाही गेला आहे. पण पंचवीस-तीस वर्षांच्या या अंतराचे स्पष्टीकरण आज्ञेत नसून त्या त्या भाषेच्या भिंतींत आहे. कोणती भिंत कोणाला अडवते आणि कोणाला वाट देते, हे पाहिल्याखेरीज प्रभावाभ्यास हा केवळ आगमनाच्या वेळांची नोंदवही ठरतो. खेळाचे उदाहरण ताणून साहित्याला लावावे असे नाही. मात्र एकच कळ आणि दोन चक्रव्यूह हे प्रतिमान ‘प्रभाव’ या झिजलेल्या शब्दापेक्षा अधिक काटेकोर आहे.

या खेळातील संगीताची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. चक्रव्यूहात फिरताना ऐकू येणारी धून ही एरिक सातीच्या ‘झ् त व्ह’ या वॉल्ट्झची आहे. नावाचा अर्थ, ‘मला तू हवी आहेस’. शब्द आंरी पाकोरीचे, प्रकाशन १९०३ चे. साती त्या काळात मोंमार्त्रच्या कॅफेंत पियानो वाजवून उदरनिर्वाह करी, आणि हे गीत त्या करमणुकीच्या दुनियेतले आहे. गंभीर संगीताच्या इतिहासकारांनी त्यालाही दीर्घकाळ गौणच मानले. फॅमिकॉमच्या ध्वनिचिपेवर ते आले तेव्हा शब्द गळून पडले आणि उरले तीन मात्रांचे झोके, चौकोनी तरंगांच्या किरट्या आवाजात. फ्रेंच शब्द गेले, पण त्यांचा आशय खेळाच्या प्रसंगात परत आला : भिंतीच्या दोन बाजूंना दोघे, मध्ये हृदय. हे भाषांतर म्हणावे की नाही? शब्दांतून शब्दांत काहीच गेलेले नाही. धुनीबरोबर परिस्थिती गेली आहे. साप्पोरोच्या रचनाकारांना गीताचा अर्थ ठाऊक असणे शक्य आहे, कारण निवड फारच चपखल आहे. कॅसेट विकत घेणाऱ्या कोलकात्याच्या मुलाला तो ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तरीही कॅफेतले गीत त्याच्यापर्यंत पोहोचले, आणि ते पोहोचल्याची नोंद सातीच्या अभिग्रहणाच्या कोणत्याही इतिहासात होणार नाही.

अनामिकतेचा प्रश्न येथे टाळता येत नाही. बहुखेळी कॅसेटींतील प्रतींवरून हक्कधारकाचे नाव वारंवार पुसलेले असे, यादीत शीर्षकही बदललेले असे. संतकाव्याच्या भाषेत सांगायचे तर अभंग आला, नाममुद्रा गेली. यावर बाजाराच्या लोकशाहीचे गोडवे गाणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ज्यांचे श्रम होते त्यांना त्या बाजारातून काहीच मिळाले नाही. दुसऱ्या बाजूने, पुसण्याची क्रिया गोदीवर सुरू झाली नव्हती. त्या दशकातील जपानी खेळसंस्था रचनाकारांची नावे सहसा झाकून ठेवत, दाखवली तरी टोपणनावांनी. हडसनची संस्था २०१२ मध्ये कोनामीत विलीन झाली आणि संस्थेचे नावही व्यवहारातून मागे पडले. कर्त्याचे नाव गळण्याच्या या क्रमात खिदिरपूर ही एक पायरी होती, पहिलीही नव्हे आणि शेवटचीही नव्हे.

आता संग्राहकांनी पाठसंशोधनाचे मोठे काम हाती घेतले आहे. एकाच खेळाच्या अनेक प्रती बाइट-बाइटने ताडून ते प्रमाण पाठ ठरवतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या जातीचा हा खटाटोप आहे आणि त्याचे मोल निर्विवाद आहे. अडचण पुढची आहे. शुद्ध पाठ निश्चित झाला की नावे पुसलेल्या, शीर्षके बदललेल्या, मधूनच सुरू होणाऱ्या प्रती ‘फेरफार’ या सदरात बाजूला पडतात. मूळ संहितेच्या अभ्यासकाला त्या निरुपयोगी असतीलही. अभिग्रहणाच्या अभ्यासकाला मात्र नेमक्या त्याच हव्या आहेत, कारण फॅन्सी मार्केटचा वाचक त्याच प्रतीचा वाचक होता. त्या जपणे अवघडही आहे. मूळ जपानी कॅसेटीतील चिप पायांसह स्वतंत्र बसवलेली असते. ती काढून वाचता येते. बाजारी कॅसेटीत पुष्कळदा चिप थेट पट्टीवर चिकटवून तीवर काळ्या राळेचा थेंब ओतलेला असतो. तो फोडला तर आतील चिपही नष्ट होण्याचा संभव असतो. तशी कॅसेट वाचण्याचा मार्ग तिच्या साठ पिनांतूनच जातो. बंगालच्या दमट हवेत त्या पिना गंजतात. खोडरबराने घासून, फुंकर मारून त्या यंत्रात बसवाव्या लागतात. पडद्यावर यादी उमटली, तर तिच्यातला कोणता क्रमांक पेंग्विनांचा आहे हे पाहण्यासाठी एकेक खेळ उघडत जावे लागते.