स्त्रियांचा मताधिकार व कायदेनिर्मिति : एका अनुमानाचें परीक्षण

स्त्रियांस मताधिकार मिळाला म्हणूनच त्यांच्या हिताचे कायदे झाले, असें विधान अलीकडच्या लेखांतून वारंवार आढळतें. तें सर्वस्वी असत्य नाहीं. परंतु करवीरच्या पुराव्यापुढें तें जसेंच्या तसें टिकत नाहीं.

मुंबई इलाख्यांत स्त्रियांस मताधिकार १९२१ सालीं मिळाला, तोहि मिळकतीच्या अटीमुळें थोड्यांसच. शाहू छत्रपतींनीं स्त्रियांच्या छळाविरुद्धचा कायदा १९१९ सालीं व देवास मुली वाहण्याच्या चालीविरुद्धचा कायदा १९२० सालीं केला होता. त्याच चालीविरुद्ध मुंबई सरकारचा कायदा झाला तो १९३४ सालीं. म्हणजे येथें कायद्याच्या मुळाशीं मतपेटी नव्हती, राजाज्ञा होती.

शारदा कायद्याचें उदाहरण याहून सूक्ष्म आहे. तो १९२९ सालीं मंजूर झाला, तेव्हां मध्यवर्ती असेंब्लींत एकहि स्त्री सभासद नव्हती. मात्र १९२७ सालीं पुण्यास अखिल भारतीय महिला परिषद भरली होती, आणि सर मोरोपंत जोशी यांच्या समितीपुढें स्त्रियांनीं साक्षी दिल्या होत्या. मतापेक्षां संघटित वाणीचा प्रभाव येथें अधिक दिसतो. केवळ पौर्वापर्यावरून कार्यकारणभाव मानणें हा काकतालीय न्याय होय.

मग मताधिकार निष्फळ काय? तसें नव्हे. १९३५ च्या कायद्यानें स्त्री-मतदारांची संख्या वाढली. पुढें मुंबईंत १९४६ सालीं द्विभार्या-प्रतिबंधक व १९४७ सालीं हिंदु घटस्फोटाचा कायदा झाला. त्यांत मतांचा वाटा किती, हें विधिमंडळांतील चर्चेवरूनच ठरवावें लागेल. करवीर १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि १९५१-५२ च्या निवडणुकींत येथील प्रत्येक प्रौढ स्त्रीस मत मिळालें. राजाज्ञा राजाच्या इच्छेवर जगते. मतानें जाब विचारण्याचा हक्क येतो. देवदासींच्या चालीविरुद्ध २००५ सालीं पुनः कायदा करावा लागला, यावरून नुसत्या कायद्याची मर्यादाहि कळते.

आमच्या संग्राहक मित्रांस एवढीच विनंति कीं, सनदा व बखरी जशा जपतां, तशींच स्त्री-मंडळांचीं इतिवृत्तें, अर्ज व सह्यांचे कागद जपावे. ते रद्दींत गेले, तर कायदा कोणीं दिला एवढेंच उरेल. तो कोणीं मागितला हें मात्र कोणासहि सांगतां येणार नाहीं.